बारावीनंतर पदवीला घालावे काय ? – घरी बसून करावयाचा हिशेब



जून-जुलै उजाडला की आमच्या गट ऑफिसात दोन प्रश्न हमखास येतात. एक, "आडसालीला बेणं कुठलं घालू ?" आणि दुसरा, "पोराला कुठं घालू ?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कारखाना आम्हांस पगार देतो. दुसरा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हे. पण बारावीचा निकाल आणि आडसालीची लागण हे दोन्ही एकाच सुमारास येतात, आणि दोन्हींचा पैसा एकाच घरातून, बहुतेक वेळा एकाच पीककर्जातून जातो. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून या दुसऱ्या प्रश्नाविषयी चार गोष्टी लिहीत आहोत.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आम्ही स्वतः कृषी पदविकेवर या खात्यात लागलेली माणसे. त्यामुळे कुणी म्हणेल, हे पदवीच्या विरुद्धच बोलणार. तसे नाही. "शिकून कुणाचं भलं झालंय ?" असे म्हणणारा चावडीवरचा गडी आम्हांस पटत नाही. त्याचप्रमाणे "काय वाटेल ते होवो, पोरगा ग्रॅज्युएट झालाच पाहिजे" असे म्हणून रान गहाण टाकणारा बापही पटत नाही. या दोहोंच्या मध्ये एक हिशेब आहे. तो कसा मांडावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पदवीला एवढा मान कसा आला ?

आपल्या भागात शिक्षण आणि सहकार हे दोघे सख्खे भाऊ आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि "कमवा आणि शिका" ही वाट गोरगरिबांच्या मुलांना दाखविली. त्याआधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहे उभी केली होती. पुढे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्यानंतर जेथे जेथे कारखान्याची चिमणी उभी राहिली तेथे तेथे बहुधा शाळा आणि पाठोपाठ कॉलेज आले.

पुणे विद्यापीठ १९४९ चे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात झाली. म्हणजे आजच्या आजोबांच्या तरुणपणी पदवी ही दुर्मिळ वस्तू होती. जी वस्तू दुर्मिळ तिला भाव. गावात एक बी.ए. झाला तर तो मास्तर, बँकेत कारकून, नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात लागलाच म्हणून समजा. तो पगार घरात आला, त्यातून विहीर बांधली, पाइपलाइन झाली, बहिणींची लग्ने झाली. हे सगळे गावाने डोळ्यांनी पाहिले. म्हणून पदवी म्हणजे नोकरी, हे समीकरण मनात घट्ट बसले.

पुढे १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि दार मोठे उघडले. ही गोष्ट चांगलीच झाली, कारण तोवर आपली मुले गुण असूनही जागेअभावी मागे राहत. परंतु आता कॉलेज तालुक्यातालुक्यात आहे. वस्तू सर्वत्र मिळू लागली की तिचा नुसत्या नावावरचा भाव उतरतो आणि मग तिच्या प्रतीला भाव येतो. पदवीची किंमत गेली असे आम्ही म्हणत नाही. पदवीची हमी तेवढी गेली. पूर्वी "पदवी आहे का ?" असे विचारीत, आता "पदवी घेऊन तुला काय करता येते ?" असे विचारतात. हा फरक ज्या घराने ओळखला त्याचा निर्णय बहुधा चुकत नाही.

जमीन पाहून हंगाम

आडसाली लागण चांगली की सुरू ? या प्रश्नाला आम्ही कधी एका शब्दात उत्तर देत नाही. आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात, उतारा आणि टनेज चांगले पडते, पण रान दीड वर्ष अडकते आणि तेवढा काळ पाणी टिकावे लागते. सुरूचा ऊस बारा महिन्यांत तोडणीला येतो, टनेज कमी, पण रान लवकर मोकळे होते. ज्याच्या विहिरीचे पाणी मार्चमध्ये आटते त्याने शेजाऱ्याचे बघून आडसाली केली तर दोष आडसालीचा नव्हे.

शिक्षणाचेही तसेच समजावे. अभियांत्रिकी किंवा बी.एस्सी. कृषी ही चार वर्षांची, पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची. आय.टी.आय.चा वेल्डर एका वर्षात, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत तयार होतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. कुणी लवकर मिळवता होतो, कुणी उशिरा पण जास्त मिळवतो. घराचे "पाणी" किती दिवस पुरणार, हे पाहूनच ठरविले पाहिजे.

मात्र एका ठिकाणी हा दाखला लंगडा पडतो. उसाच्या कांडीला विचारावे लागत नाही, मुलाला विचारावे लागते. आमच्यासमोर बाप बोलतो, काका बोलतो, बरोबर आलेला मेहुणा बोलतो, आणि ज्याचे आयुष्य ठरवायचे तो पोरगा पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा असतो. त्याला एकदा एकट्याला बसवून विचारावे, "तुला कशात गोडी आहे ? कुठल्या विषयाचं पुस्तक तू न सांगता उघडतोस ?" उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी येईल, पण येईल.

कोणत्या कामाला पदवी लागतेच आणि कोणत्या कामाला नाही

घरात चर्चा करताना सर्वांत आधी ही यादी करावी. काही कामे अशी आहेत की तेथे कायद्याने किंवा नियमानेच पदवी लागते, दुसरी वाटच नाही. डॉक्टर, वकील, पशुवैद्य, माध्यमिक शिक्षक ही त्यांतली. राज्यसेवेच्या परीक्षेला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी लागते, तलाठी पदालाही पदवी लागते. ज्या मुलाचे किंवा मुलीचे मन येथे खरोखर आहे त्याने पदवीचा प्रश्न पुन्हा उगाळत बसू नये, तयारीला लागावे.

काही कामांना पदवीपेक्षा त्या कामाचा दाखला महत्त्वाचा असतो. आपल्या कारखान्यातच फिरून पाहा. मिलवर, वर्कशॉपमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर लागतात, ते आय.टी.आय.चे. बॉयलरवर उभे राहायचे तर बॉयलर अटेंडंटचे सक्षमता प्रमाणपत्र लागते, ते परीक्षा देऊन मिळवावे लागते. तेथे एम.ए.चे सर्टिफिकेट दाखवून कुणी बॉयलरजवळ उभे करणार नाही. शेतकी खात्यात कृषी पदविका किंवा पदवी चालते. उलट, लॅबोरेटरी आणि उत्पादन खात्यात केमिस्ट म्हणून जायचे तर आधी विज्ञानाची पदवी आणि त्यावर साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण हवे. ते पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किंवा कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत मिळते. मांजरीची संस्था १९७५ सालची, कानपूरची १९३६ सालची. साखरेबरोबर आता डिस्टिलरी, इथेनॉल, सहवीजनिर्मिती आणि सांडपाणी प्रक्रिया हे विभाग वाढले आहेत, आणि तेथे रसायनशास्त्र व उपकरणशास्त्र जाणणारी माणसे लागतात. कारखान्याच्या दारात राहून आपल्या मुलांना याची माहिती नसावी, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते.

कृषी सेवा केंद्र काढायचे म्हटले तरी आता खते-औषधांच्या परवान्याला कृषी शिक्षण किंवा विक्रेत्यांसाठीचा 'डेसी'सारखा मान्य अभ्यासक्रम लागतो. पोलीस शिपाई भरतीला बारावी चालते. डेअरी, रोपवाटिका, गुऱ्हाळ, ट्रॅक्टर दुरुस्ती यांना पदवीची अट नाही, पण हिशेब आणि हुन्नर लागतो.

तेव्हा "पदवी घेऊन पुढे बघू" हे वाक्य घरातून आधी हद्दपार करावे. "हे काम करायचे आहे, त्याला अमुक शिक्षण लागते, म्हणून ते घ्यायचे" असे उलटे चालावे. अर्थात सतराव्या वर्षी प्रत्येकाला आपले काम ठरविता येईलच असे नाही. न ठरविता आल्यास स्वस्तातली, घराजवळची आणि पुढे वळण घेता येईल अशी वाट धरावी. महागडी आणि परतीचा रस्ता नसलेली वाट धरू नये.

पैशाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, मुलगा शहरातल्या खासगी कॉलेजात चार वर्षांच्या पदवीला गेला. फी वर्षाला १ लाख. खोली आणि मेस महिन्याला ७ हजार, दहा महिन्यांचे ७० हजार. पुस्तके, प्रवास, कपडालत्ता २० हजार. वर्षाला झाले १ लाख ९० हजार. चार वर्षांचे ७ लाख ६० हजार.

आता हे उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरविली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हाती २,८०० रुपये आले असे धरा. एकरी ४० टन उसाचे १ लाख १२ हजार. मशागत, बेणे, खत, पाणी, मजुरी यांचे ५० हजार वजा केले तर ६२ हजार राहतात. म्हणजे त्या पदवीसाठी एका एकरातले बारा ऊस गेले. तीन एकर असतील तर चार तोडण्यांचा सगळा निव्वळ पैसा गेला, आणि त्या काळात घराने खायचे काय, हा प्रश्न वेगळाच.

हा आकडा घाबरविण्यासाठी दिलेला नाही. शिक्षण चांगले असेल आणि पुढे काम लागले तर हा पैसा वसूल होतो. ठिबक बसवितानाही आपण असाच एकदम खर्च करतो. परंतु ठिबक घेताना कंपनी बघतो, शेजाऱ्याच्या रानात जाऊन चालते का ते पाहतो, अनुदानाची चौकशी करतो. कॉलेज घेताना मात्र बसस्टँडवरचा बोर्ड बघून येतो. असे का व्हावे ?

कर्जाचेही असेच. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. त्यामुळे "आता काही भरायचं नाही" असे वाटते. पण व्याज थांबत नाही. समजा ५ लाखांचे कर्ज चार वर्षांत सव्वा-सव्वा लाखाने उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरले. पहिल्या उचलीला पाच वर्षे, दुसऱ्या उचलीला चार, तिसरीला तीन, चौथीला दोन. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी व्याजच १ लाख ७५ हजार झालेले असते. म्हणजे देणे पावणेसात लाख. शिकत असतानाच व्याज भरत गेले तर हा डोंगर वाढत नाही. ऊसबिल जमा झाल्यावर तेवढे तरी भरावे.

आणि एक कळकळीची सूचना. पीककर्ज फीला वापरू नका. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास आपल्या राज्यात व्याज शून्य टक्के पडते. ते कॉलेजात गेले की उसाला खत वेळेवर पडत नाही, टनेज घटते, सोसायटी थकते आणि व्याजाची सवलतही जाते. एका कर्जाने तीन ठिकाणी भोके पडतात. आमच्या गटांतून फिरताना पिवळा पडलेला प्लॉट दिसला की आम्ही आता जमीन तपासण्याआधी विचारतो, "यंदा घरात कुणाची ॲडमिशन होती का ?" बऱ्याच वेळा उत्तर होय असेच येते.

मदत कोठे आहे ?

ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून फीत सवलत मिळते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. या सर्वांचे अर्ज 'महाडीबीटी'वर ऑनलाइन होतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जातपडताळणी हे कागद निकालाच्या आधीच काढून ठेवावेत. प्रवेशाच्या वेळी तहसीलला रांग असते आणि कागदाअभावी हक्काची जागा जाते.

शासकीय आय.टी.आय., शासकीय पॉलिटेक्निक आणि कृषी विद्यापीठांची स्वतःची महाविद्यालये यांची फी खासगीच्या मानाने पुष्कळच कमी असते. गुण चांगले असतील तर पहिला अर्ज तेथेच. बी.एस्सी. कृषीला एमएचटी-सीईटी द्यावी लागते, त्याची नोंदणी बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होते, हे विसरू नये.

परतीच्या आणि पुढच्या वाटा

"आय.टी.आय.ला घातला म्हणजे पोरगं कायमचं खालीच राहिलं" अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यास पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. पॉलिटेक्निक झालेल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मधल्या काळात शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून काम करून विद्यावेतन घेता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून, काम करीत शिकणाऱ्यांसाठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी मधूनच बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची सोय केली आहे.

सांगावयाचे तात्पर्य असे की, अठराव्या वर्षीचा निर्णय हा शेवटचा नसतो. आमच्या कार्यक्षेत्रातच एक जण आय.टी.आय. करून वर्कशॉपला लागला, मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाला आणि आज दोन भावंडांच्या फिया भरतो. त्याच गावातला दुसरा एक मुलगा हुशार, गणितात चांगला, पण बापाने "चार वर्षं कोण थांबणार" म्हणून सीईटीचा फॉर्मच भरू दिला नाही. तो आज पिकअप चालवितो. पिकअप चालविणे कमीपणाचे नाही, परंतु त्या मुलाच्या डोक्याला जे रान मिळायला पाहिजे होते ते मिळाले नाही, हे आम्ही म्हणणारच. आणि तिसरे एक घर असे की एक एकर विकून मुलाला लांबच्या एका खासगी कॉलेजात घातले. मुलाची इच्छा नव्हती, दुसऱ्या वर्षी तो परत आला. एकरही गेला, आणि बाप-लेकाचे बोलणेही गेले. एकर पुन्हा घेता येईल, बोलणे सुरू व्हायला फार दिवस लागले.

मुलींचा प्रश्न

मुलाच्या बाबतीत आपण निदान चर्चा तरी करतो. मुलीच्या बाबतीत पुष्कळ घरांत "बारावी झाली, आता स्थळ बघू" असे ठरूनच जाते. म्हणजे जमीन न तपासताच रान पडीक टाकले.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. इतक्या वर्षांनंतर आपण खर्चाची सबब सांगावी, हे बरे नव्हे. शिवाय ती सबब आता पुरती उरलेलीही नाही. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. राहिला प्रश्न राहण्याचा आणि काळजीचा. काळजी खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. त्यासाठी वसतिगृह स्वतः जाऊन पाहावे, आधी शिकत असलेल्या मुलींच्या घरी विचारावे, दोघी-तिघींनी मिळून खोली घ्यावी. काळजीला उपाय असतात. घरी बसविणे हा उपाय नव्हे.

मुलीच्या शिक्षणाचा हिशेब केवळ पगारात करू नये. उद्या नवऱ्याचे काही बरेवाईट झाले, सात-बारावर नाव लावायचे आले, सोसायटीचे कर्ज अंगावर आले, तर तिच्या हातातले शिक्षणच तिला उभे करते. आपल्या सभासद-यादीत पतीच्या पश्चात शेअर नावावर करून घेतलेल्या अनेक भगिनी आहेत. त्यांना विचारून पाहा.

लग्नाचा बाजार आणि स्पर्धा परीक्षा

दोन गोष्टी कुणी उघड बोलत नाही, पण निर्णय त्यांच्यावरच होतात.

पहिली, "शेती करणाऱ्याला मुलगी देत नाहीत, म्हणून नावापुढं पदवी पाहिजे." हे दुखणे खरे आहे. पण केवळ नावापुढे लावायला घेतलेली पदवी मुलीकडची मंडळीही आता ओळखतात. "करतो काय ?" हेच विचारतात. त्यापेक्षा शेतीबरोबर दुसरे काही उत्पन्न दाखविणारा मुलगा, मग तो पदविकेचा का असेना, पुढे सरस ठरतो.

दुसरी, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा देणारी मुले. जिद्दीला आमचा नमस्कार. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे सर्वांना दिसते आहे. म्हणून जाण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे की किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत. आकडा कागदावर लिहून ठेवावा. शिवाय पहिली पदवीच अशी घ्यावी की परीक्षा नाही निघाली तर तिच्यावर पोट भरता येईल. तिशीला आलेला मुलगा रिकाम्या हाताने गावी येतो तेव्हा त्याला रानात जायची लाज वाटते आणि शहरात थांबायला पैसा नसतो. त्या मुलाची चूक एवढीच असते की थांबायचे कधी, हे कुणी त्याच्याशी बोलले नाही.

शेतीच करणार असेल तर ?

मुलाला शेतीचीच आवड असेल तर ती आवड मारू नका. पण "शेतीच करायची तर शिकायचं कशाला ?" हेही म्हणू नका. को ८६०३२ हा आपला भरवशाचा वाण पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९९६ साली प्रसारित केला, तो शिकलेल्या माणसांच्या कामातून आला. माती परीक्षणाचा अहवाल वाचणे, ठिबकमधून खताची मात्रा काढणे, कारखान्याचा ताळेबंद समजून वार्षिक सभेत प्रश्न विचारणे, यांना शिक्षण लागते. त्यासाठी कृषी पदविका पुरेल की पदवी हवी, हे मुलाच्या कुवतीवर आणि जमिनीच्या क्षेत्रावर ठरवावे. पाच एकर आणि वाटेकरी दोघे, अशी स्थिती असेल तर निदान एकाच्या हाती दुसरे कौशल्य असलेच पाहिजे.

कॉलेज पाहताना

ठरले की पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. संस्थेला मान्यता आहे काय आणि ती कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे ? अभियांत्रिकी असेल तर ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता पाहावी.

२. व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी राज्याच्या शुल्क नियामक प्राधिकरणाने किती ठरवून दिली आहे ? त्यापेक्षा जास्त मागितल्यास कारण विचारावे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

३. मूळ सर्टिफिकेटे कॉलेजात अडकवून ठेवू देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे करण्यास मनाई केलेली आहे.

४. मागच्या दोन वर्षी पास झालेल्या निदान तीन मुलांना भेटावे. जाहिरातीतले फोटो पाहू नयेत, त्या मुलांना विचारावे, "आज काय करतोस ?"

५. प्रयोगशाळा, वर्कशॉप, ग्रंथालय सुरू असताना, कामाच्या दिवशी जाऊन पाहावे.

६. एकूण खर्च, पहिल्या वर्षाचा नव्हे, सगळ्या वर्षांचा, कागदावर मांडावा. तो कोठून येणार हे समोर लिहावे.

७. मध्येच सोडावे लागले तर हाती काय राहील, हे विचारावे.

या सात प्रश्नांपैकी चारांची उत्तरे मिळाली नाहीत तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला तरी चालेल. ते वर्ष फुकट जाऊ नये म्हणून मुलाने एखादा लहान अभ्यासक्रम करावा, घरची शेती पाहावी, सीईटीची तयारी करावी. एक वर्ष थांबलेला मुलगा मागे पडत नाही. न विचारता घातलेला मुलगा मात्र चार वर्षे मागे पडतो.

सभासदांनी आपल्या मुला-मुलींची गुणपत्रके घेऊन गट ऑफिसला अवश्य यावे. साखर कारखान्यातील कामांसाठी कोणते शिक्षण लागते, याची माहिती शेतकी खाते, लॅबोरेटरी आणि वर्कशॉपमधील आमचे सहकारी आनंदाने देतील. येताना मुलाला बरोबर आणावे आणि बोलणे त्यालाच करू द्यावे. मुलगी असेल तर तिलाही आणावे. आडसाली लागणीची नोंद त्याच खेपेस करून घेता येईल.

– ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते